बाणफेकीच्या एका वार्षिक सामन्याची हकीकत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मला प्रथम हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पत्र, वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण विषय मनात वर्षभर घोळत होता. तो सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून हे धाडस करीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

गोष्ट गेल्या गणेशोत्सवातली. माझ्या नणंदेचा मुलगा इंग्लंडात नोकरीला असतो. त्याने येताना मुलांसाठी डार्टची तबकडी आणि सहा बाण आणले. मुले चार दिवस खेळली आणि विसरली. मी मात्र दुपारची भांडी झाली की मागच्या पडवीत उभी राहून नेम धरू लागले. हळूहळू हात बसला. पुढे आपल्या आळीच्या उत्सवात बाणफेकीचा सामना ठेवला आहे असे कळले, म्हणून मी नाव द्यायला गेले. नावे घेणारा मुलगा चांगला, घरोब्यातला. तो म्हणाला, “काकू, तुमच्यासाठी रांगोळी आणि पाककृती आहे की! हा पुरुषांचा आहे.” मी परत आले. आपल्या मंडळात विषय काढला तर एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “अगं, तो इंग्रजांच्या गुत्त्यातला खेळ. आपल्याला कशाला हवा?”

दोन्ही उत्तरे मनाला लागली. भाच्याला फोनवर विचारले, “खरेच का रे हा गुत्त्यातला, पुरुषांचा खेळ?” तो म्हणाला, “मामी, अर्धे खरे आहे. पण त्याच्या मोठ्या सामन्याचा इतिहास ऐका, मग ठरवा.” त्याने जे सांगितले आणि मग मी मुलीकडून वाचून घेतले, ते पुढे मांडते.

आधी खेळ समजून घेऊ. तबकडी घायपाताच्या वाखाची असते, तोच घायपात जो आपल्याकडे शेताच्या बांधावर उगवतो. वाख दाबून बसवलेला असल्यामुळे बाण काढला की भोक आपोआप मिटते. तबकडीचा मध्य जमिनीपासून ५ फूट ८ इंचांवर येईल अशी ती टांगतात, आणि खेळणारा पावणेआठ फुटांहून किंचित लांब उभा राहतो. कडेने १ ते २० आकडे असतात, पण ओळीने नव्हे. वीसच्या एका अंगाला १ आणि दुसऱ्या अंगाला ५. म्हणजे लोभाने वीसवर नेम धरला आणि हात जरा हलला की पदरात एक किंवा पाच! एका अरुंद कड्यात बाण लागला तर दुप्पट गुण, दुसऱ्यात तिप्पट. एका पाळीला तीन बाण, आणि तिन्ही वीसच्या तिपटीत लागले तर १८०. त्याहून अधिक गुण एका पाळीत होत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. खेळ शून्यापासून वर चढत नाही, तो ५०१ पासून खाली उतरतो. मिळालेले गुण वजा करीत जायचे, नेमके शून्य गाठायचे आणि शेवटचा बाण दुपटीच्या कड्यात किंवा मध्यबिंदूलाच लागला पाहिजे. एक गुण जास्त झाला तरी ती पाळी फुकट. हे ऐकले तेव्हा मी भाच्याला म्हटले, “हा तर आमचाच खेळ! पहिल्या तारखेला हाती आलेल्या रकमेतून भाडे, किराणा, फी वजा करीत महिनाअखेर नेमके शून्यावर आणणे, हे बायकांखेरीज कोणाला साधते?”

आता त्या सामन्याची हकीकत. इंग्लंडात हा खेळ पबमध्ये, म्हणजे तिकडच्या पिण्याच्या घरांत वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही. कामगार माणूस संध्याकाळी तिथे बसे आणि भिंतीवरच्या तबकडीवर नेम धरी. अशा विखुरलेल्या खेळाडूंना एका नियमाखाली आणावे म्हणून ऑली क्रॉफ्ट या गृहस्थाने १९७३ साली ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन ही संस्था काढली. ती निघाली कुठे, तर लंडनच्या मसवेल हिल भागातल्या त्याच्या राहत्या घरात! त्याची पत्नी लोर्ना हिचाही त्या कामात मोठा हात होता. घरात संस्था म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या मंडळाच्या सतरंज्या आणि रजिस्टर अजून कोणाच्या माळ्यावर असतात, ते सर्वांना ठाऊक आहे.

या संस्थेने १९७८ साली पहिली जागतिक स्पर्धा भरवली. जागा होती नॉटिंगहॅम शहरातील हार्ट ऑफ द मिडलँड्स नावाचा नाइटक्लब. खेळाडू सोळा. एका सिगारेट कंपनीने पैसे दिले होते, तिचे एम्बसी हे नाव स्पर्धेला मिळाले आणि २००३ पर्यंत टिकले. वेल्सच्या लेटन रीस याने अंतिम सामन्यात जॉन लो याला हरवून ३,००० पौंडांचे पहिले बक्षीस घेतले. बी.बी.सी.ने हे सामने दूरदर्शनवर दाखवले, आणि जो खेळ पबच्या कोपऱ्यात होता तो घरोघरी दिसू लागला. दुसऱ्या वर्षी स्पर्धा स्टोक येथील जॉलीज या क्लबात गेली. तिथे जॉन लोने रीसवर उट्टे काढले.

पुढची काही वर्षे लंडनच्या एरिक ब्रिस्टो या तरुणाने गाजवली. १९८०, १९८१, १९८४, १९८५ आणि १९८६ अशी पाच वेळा त्याने ही स्पर्धा जिंकली. मधे १९८२ साली स्कॉटलंडचा जॉकी विल्सन जिंकला. हा बुटका, लठ्ठ, अनाथाश्रमात वाढलेला आणि कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. अशा माणसाने जग जिंकावे म्हणून लोकांना त्याचे फार कौतुक. १९८९ साली त्याने पुन्हा ही स्पर्धा जिंकली.

१९८३ सालचा अंतिम सामना तर प्रत्येकीने लक्षात ठेवावा असा आहे. समोर मातब्बर ब्रिस्टो, आणि त्याच्याविरुद्ध कीथ डेलर हा तेवीस वर्षांचा, पात्रता फेरीतून वर आलेला पोर. दोघांचे पाच-पाच सेट झाले. शेवटच्या सेटमध्ये ब्रिस्टोचे पन्नास उरले होते आणि हातात एक बाण होता. तबकडीच्या मध्यबिंदूला पन्नास असतात. त्यावर नेम धरला असता तर कदाचित तिथेच संपले असते. पण डेलरला १३८ हवे होते. ते काही एका पाळीत होत नाहीत, असे धरून ब्रिस्टोने सोपा बाण टाकला आणि पुढच्या पाळीसाठी ३२ उरवले. ती पुढची पाळी आलीच नाही. डेलरने वीसची तिप्पट, अठराची तिप्पट आणि बाराची दुप्पट मारली. साठ, चोपन्न आणि चोवीस. वजाबाकी करून पाहा, बरोबर १३८. समोरच्याला कमी लेखले की काय होते, ते यात आले.

१९८६ पासून स्पर्धा सरे परगण्यातील फ्रिमली ग्रीन येथे, लेकसाइड नावाच्या क्लबात भरू लागली. २०१९ पर्यंत ती तिथेच भरली. आपल्याकडे पंढरपूर म्हटले की आषाढी आठवते, तसे त्या लोकांना लेकसाइड म्हटले की जानेवारीतला हा मेळा आठवे.

वडीलधाऱ्या बाईंच्या आक्षेपाचे उत्तर इथे देते, कारण तो खोटा नव्हता. पूर्वी खेळाडू मंचावरच पेले रिचवीत आणि सिगारेट ओढीत. लोक त्यावर विनोद करू लागले, चांगल्या घरच्या लोकांनी नाके मुरडली. १९८८-८९ च्या सुमारास दूरदर्शनवरून डार्टच्या एकेक स्पर्धा बंद झाल्या, मोठी अशी हीच काय ती उरली. तेव्हा डोळे उघडले आणि मंचावरचे पेले हटले. म्हणजे वाईट होती ती सवय, खेळ नव्हे. सवय सोडता येते. आपल्याकडे पत्ते जुगारातही वापरतात, म्हणून नातवंडांबरोबर बदामसात खेळणे आपण सोडले आहे का?

१९९० सालची स्पर्धा दोन गोष्टींसाठी सांगतात. सिंगापूरला जन्मलेला आणि अमेरिकेकडून खेळणारा पॉल लिम याने अवघ्या नऊ बाणांत ५०१ फेडले. याहून कमी बाणांत ते फिटतच नाहीत. या स्पर्धेत असे प्रथमच घडले. त्याबद्दल त्याला ५२,००० पौंड मिळाले, आणि स्पर्धा जिंकणाऱ्याला २४,०००!

तो जिंकणारा कोण, ही दुसरी गोष्ट. फिल टेलर हा स्टोककडचा, चिनी मातीच्या वस्तूंच्या कारखान्यातला कामगार. त्याच्यातला गुण ओळखून ब्रिस्टोने स्वतःचे पैसे त्याच्यामागे लावले होते आणि त्याला तयार केले होते. १९९० च्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते हेच गुरू-शिष्य. शिष्याने गुरूला ६-१ असे हरवले. ब्रिस्टोला तोवर एका विचित्र दुखण्याने ग्रासले होते. बाण बोटांतून सुटतच नसे. मनाचा आणि हाताचा मेळ तुटतो, त्याला तिकडे ‘डार्टायटिस’ म्हणतात. त्यानंतर तो पुन्हा ही स्पर्धा जिंकू शकला नाही. टेलरने मात्र पुढे एकूण सोळा जागतिक विजेतेपदे मिळवली.

मग आला तो भांडणाचा काळ. संस्था खेळाडूंकडे लक्ष देत नाही, दूरदर्शनवर सामने येत नाहीत, पोट कसे भरावे, असे म्हणून सोळा आघाडीच्या खेळाडूंनी १९९२ साली आपली वेगळी संघटना बांधली. १९९३ नंतर दोन्ही घरे पुरती फुटली. मूळ संस्थेने फुटून निघालेल्यांवर बंदी घातली, प्रकरण कोर्टात गेले आणि १९९७ साली तडजोड झाली. पण तोवर एकाच्या दोन स्पर्धा झाल्या होत्या. जुनी लेकसाइडला चालू राहिली. नवी १९९४ पासून पर्फ्लीट येथील सर्कस टॅव्हर्न येथे आणि २००७ च्या डिसेंबरपासून लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथे भरू लागली.

भगिनींनो, एवढे सारे वाचून तुम्ही विचाराल की यात बायका कुठे आहेत? मीही भाच्याला हेच विचारले. १९७८ पासून २००० पर्यंत तेवीस स्पर्धा झाल्या, त्यांत बायकांसाठी स्पर्धाच नव्हती. बायका खेळत नव्हत्या असे नव्हे. इंग्लंडात मॉरीन फ्लॉवर्ससारख्या नामांकित खेळाडू होत्याच. पण जागतिक स्पर्धेचे दार त्यांच्यासाठी उघडले ते २००१ साली. तेही किती? पहिल्या वर्षी अवघ्या चार जणी!

त्या चौघींत पहिली आली ट्रिना गलिव्हर. ही बाई शिकलेली सुतारकाम, रंधा आणि करवत चालवणारी. २००१ ते २००७ अशी ओळीने सात वर्षे तिने ही स्पर्धा जिंकली, पुढे २०१०, २०११ आणि २०१६ मध्ये पुन्हा. एकूण दहा वेळा. २०१३ साली राणीकडून तिला सन्मान मिळाला.

पण मला तिच्याहून जवळची वाटते ती हॉलंडची फ्रान्सिस हुन्सेलार. गलिव्हरच्या त्या सात विजयांपैकी पाच वेळा अंतिम सामन्यात हरलेली बाई हीच. दर वर्षी समुद्र ओलांडून यायचे, अंतिम फेरी गाठायची, आणि त्याच बाईकडून हरून परत जायचे. आपण असतो तर तिसऱ्या वर्षीच म्हटले असते की जाऊ दे, नशिबात नाही. ती २००९ साली पुन्हा आली, पुन्हा अंतिम सामन्यात गलिव्हरच समोर उभी, आणि या खेपेला हुन्सेलार जिंकली! हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

रशियाची अनास्तासिया डोब्रोमिस्लोवा तीनदा, इंग्लंडची लिसा अ‍ॅश्टन चारदा आणि जपानची मिकुरू सुझुकी २०१९ आणि २०२० साली जिंकली. चौघींपासून सुरू झालेला सामना असा जगभर गेला.

दुसऱ्या घरातही हालचाल चालली होती. तिथल्या २००१ च्या स्पर्धेत कॅनडाची गेल किंग ही पुरुषांविरुद्ध उतरणारी पहिली स्त्री ठरली. तिने पहिला सेट जिंकला, सामना मात्र हरली. पुढे २०१८ च्या डिसेंबरपासून तिथे बायकांसाठी दोन जागा राखून ठेवल्या. त्या वर्षी दोघीही पहिल्याच फेरीत हरल्या. लोक म्हणाले, पाहा, सांगितले नव्हते का?

मग २०१९ चा डिसेंबर उजाडला. फॅलन शेरॉक, वय पंचवीस, धंदा केस कापण्याचा, घरी लहान मुलगा. बाळंतपणानंतर तिला मूत्रपिंडाचे दुखणे जडले. औषधाने तिचा चेहरा सुजला, तेव्हा दूरदर्शनवर तिला पाहून लोकांनी तिच्या रूपावर नाही नाही ते लिहिले. पण तिने खेळ सोडला नाही. १७ डिसेंबर २०१९ रोजी अलेक्झांड्रा पॅलेसच्या मंचावर तिने टेड एव्हेट्स याला ३-२ असे हरवले. त्या स्पर्धेत पुरुषाविरुद्ध सामना जिंकणारी ती पहिली स्त्री. चार दिवसांनी तिने अकराव्या मानांकनाच्या मेन्सूर सुलियोविच यालाही ३-१ असे हरवले. तिसऱ्या फेरीत ती हरली, पण त्याला काय झाले! ज्यांनी तिच्या चेहऱ्यावर लिहिले होते, त्यांच्याच देशात हजारो माणसे उभी राहून तिच्या नावाचा गजर करीत होती.

इकडे जुन्या घराची मात्र पडझड झाली. ऑली क्रॉफ्टला २०११ साली त्याच्याच संस्थेच्या कारभारातून दूर केले गेले. २०२० साली स्पर्धा लेकसाइड सोडून लंडनला नेली. तिकिटे खपली नाहीत, आणि विजेत्या पुरुषाचे बक्षीस एक लाख पौंडांवरून २३,००० वर आले. बक्षिसाची खात्री नाही म्हणून शेरॉकनेही त्या स्पर्धेतून नाव काढून घेतले. त्याच वर्षी संस्था बुडाली. दिवाणखान्यात जन्मलेल्या संस्थेचे आयुष्य सत्तेचाळीस वर्षांचे झाले. २०२२ साली दुसऱ्या एका संघटनेने लेकसाइडला पुन्हा जागतिक स्पर्धा भरवली, आणि त्यात बायकांमध्ये जिंकली ती बो ग्रीव्ह्झ, अवघी अठरा वर्षांची पोर.

नवीन घर मात्र भरभराटले. २०२५ च्या जानेवारीत तिथे ल्यूक लिट्लर हा सतरा वर्षांचा मुलगा जिंकला. त्याला पाच लाख पौंड मिळाले. आपल्या देशाचा नितीन कुमार हाही त्या मंचावर खेळून आला आहे.

अशी ही हकीकत. यातून मला दोन गोष्टी कळल्या, त्या मंडळापुढे नम्रपणे ठेवते.

एक अशी की, संस्था बाहेरच्यांमुळे मोडत नाही. कोणाचे ऐकून घेतले जात नाही आणि वेळच्या वेळी चोख हिशेब राहत नाही, तेव्हा ती मोडते. वर्धापनदिनाच्या दिवशी हे बोलणे अशुभ मानू नये. घरात सूनबाई काही सांगते तेव्हा आपण “तुला काय कळते” म्हणतो, तिथूनच घर दुभंगायला लागते. मंडळाचेही तसेच आहे.

दुसरी अशी की, बायकांचा वेगळा सामना हवा आणि खुल्या सामन्यात जागाही हवी. दोन्ही हवे. वेगळा सामना नसता तर गलिव्हर आणि हुन्सेलार घडल्या नसत्या, शेरॉकचा हात तयार झाला नसता. आणि खुल्या सामन्याचे दार बंदच राहिले असते तर तिला काय येते, हे जगाला कधी दिसले नसते. रांगोळी मला प्रिय आहे, दर वर्षी मी ती काढतेच. पण रांगोळी हे बाणफेकीच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

तेव्हा माझी विनंती अशी. वर्धापनदिनाच्या दिवशी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्चीबरोबर ही तबकडीही सभागृहात टांगू द्यावी. ती मी घरून आणीन, बाणही आणीन. लहान मुलांना लांब बसवावे, एवढी काळजी घ्यावी. आणि येत्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाने आळीच्या मंडळींना पत्र लिहावे की सामना सर्वांना खुला ठेवावा. पत्रावर पहिली सही मी करीन. सामन्यात हरले तर हरले, पाच वेळा हरायची माझी तयारी आहे.

एक सांगायचे राहिले. परवा त्याच वडीलधाऱ्या बाई काही कामाने माझ्याकडे आल्या होत्या. पडवीत तबकडी पाहून म्हणाल्या, “बघू गं एक.” पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि बाण टाकला. लागला पाचात. “पुन्हा दे,” म्हणाल्या. दुसरा लागला एकात. तिसरा बरोबर वीसवर! मग जराशा गप्प राहून म्हणाल्या, “सव्वीस झाले ना? आता पाचशेएकातून वजा कर बघू.”

मी वजा केले. चारशेपंचाहत्तर उरले आहेत. ते फेडायला त्या पुढच्या मंगळवारी येणार आहेत.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— मंडळाची एक सभासद